बॅटरी फुल, मग बोर्ड काहून बंद पडते?

प्रश्न : नमस्कार सर, मी आर्णी तालुक्यातला, घरी कापूस अन् तुरीची शेती हाय. रात्रपाळीची लाईन आली का विहिरीवर जायचं जिवावर येते म्हणून मोटर एसएमएसवर चालू-बंद करायचं सर्किट बनवलं. आर्डुइनो ऊनो (कोड टाकून चालवायचा बारका बोर्ड), दोन चॅनलचा रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) अन् सिम ८०० एल (सिमकार्डावरून मेसेज धाडणारं मोड्यूल). सिमवाल्या मोड्यूलले बोर्डाच्या ५ व्होल्टमधूनच डायोड लावून सप्लाय देल्ला. घरी लॅपटॉपवर नुसता रिले लावून पाह्यला तं मस्त टकटक वाजते, पण शेतात फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी गोल सॉकेटात लावली का मेसेज जायच्या टायमाले बोर्ड रिसेट मारते, अन् सॉकेटाजवळच्या बारक्या काळ्या आयसीले हात लावला तं चटका बसते. दुसरा बोर्ड आणला, तेच. कोड तीनदा बदलवला, तरी तेच. बॅटरी तं फुल हाय, मग काहून?
– एक वाचक, आर्णी तालुका

उत्तर : भाऊ, पहिले तर तिसरा बोर्ड आणायला यवतमाळला जाऊ नका. तुमच्या पत्रात दोन दुखणी आहेत, दोन्ही सप्लायची, आणि दोन्ही एकाच वेळी त्रास देऊन राहिली म्हणून तुम्ही गोंधळले.

चटका देणारी ती आयसी म्हणजे रेग्युलेटर. १२ चे ५ व्होल्ट करायचं तिचं काम, आणि ती करते कसं तर वरचे ७ व्होल्ट सरळ उष्णता करून जाळून टाकते. आता हिशोब करा, बोर्ड आणि रिले मिळून २०० मिलिअँपिअर ओढले (एक रिलेच ७० च्या आसपास घेतो) तर ७ गुणिले ०.२, म्हणजे १.४ वॅट, नखाएवढ्या आयसीला ते लय झालं, तिला हीटसिंकपण नसतो. चार्जर लावून असला तर बॅटरी १४ च्या वर जाते, डबा टिनाचा, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला मी काय सांगू. जास्त तापली की ती स्वतःला वाचवायला बंद होते, थंडावली की पुन्हा चालू, आणि बोर्ड तिच्या मागं मागं. सॉकेटाला ७ ते १२ व्होल्ट चालतात हे खरं आहे, पण १२ देऊन वरून करंटही भरपूर मागायचा, हे तिला झेपत नाही.

दुसरं दुखणं सिमचं. घरी तुम्ही ते मोड्यूल लावलंच नव्हतं, म्हणून तिथं सगळं छान. मेसेज पाठवताना सिम ८०० एल २ अँपिअरपर्यंत झटका घेते, आणि शेतात टॉवर लांब असला की जोर जास्तच लावते. तुमच्या बोर्डाचा रेग्युलेटर तेवढं कुठून देणार? झटका अर्ध्या मिलिसेकंदाच्या जरा वर, त्यामुळे साध्या मीटरवर तुम्हाला ५ व्होल्टच दिसत राहील आणि तुम्ही म्हणाल सप्लाय तर बरोबर आहे, मीही एका उन्हाळ्यात असाच आठ दिवस कोडमध्ये डोकं घालून बसलो होतो. बोर्डावरची मुख्य चिप १६ मेगाहर्ट्झवर चालवायची तर ३.८ व्होल्टच्या आसपास तरी लागतात, त्याखाली ती काहीबाही करते, २.७ च्या आसपास गेली की रिसेट.

खात्री करायची असेल तर सेटअपमध्ये (कोडचा बोर्ड सुरू होताना एकदाच चालणारा भाग) "चालू झालो" असं एक वाक्य सिरियलवर, म्हणजे केबलमधून लॅपटॉपच्या स्क्रीनवर, छापायला लावा. ते पुन्हा पुन्हा येत असेल तर रिसेट होऊन राहिलं, एकदाच येऊन गप्प बसलं तर कोड अडकला. मग सिमची वायर काढून पाहा. पण लॅपटॉपची केबल जोडून असली की बोर्डाला तिथूनही सप्लाय मिळतो, म्हणून शेतातला प्रकार पाहायचा तर सिरियलऐवजी सेटअपमध्येच एक एलईडी तीनदा लुकलुकवा.

इलाज म्हणजे एलएम २५९६ आयसीवाले दोन बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्ट कमी करून देणारी तयार मोड्यूलं. हे जादाचे व्होल्ट जाळत नाहीत म्हणून तापतही कमी. एक ५ व्होल्टवर सेट करून बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनला आणि रिलेला, दुसरा ४ वर सेट करून सिमला, डायोड काढून टाका, आणि सिमच्या पायाशीच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सिमला ३.४ ते ४.४ च लागतात, म्हणून स्क्रू फिरवून मीटरवर व्होल्ट पाहा आणि मगच वायर जोडा, उलटं केलं तर मोड्यूल गेलंच समजा. सगळ्यांचे ग्राउंड एकत्र. आणि ५ व्होल्ट पिनवर बाहेरून सप्लाय असताना लॅपटॉपची केबल लावू नका. ब्रेडबोर्डाच्या केसासारख्या वायरी सिमला नको, जाडी वायर, आखूड, सोल्डर करून.

मोटर थेट रिलेवर नका घेऊ. रिलेनं फक्त स्टार्टरची कॉइल ओढायची, कॉइलवर स्नबर (झटका जिरवणारं रेझिस्टर-कपॅसिटरचं जोडकाम) बसवायचा, नाही तं कॉइल सुटताना जो झटका येतो त्यानंही बोर्ड रिसेट मारतो. स्टार्टरमधलं काम वायरमनकडूनच, लाईन बंद करून. थ्री फेज आहे ते.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी ऊनोवर सर्व्हो मोटर (सांगितल्या कोनापर्यंत फिरणारी छोटी मोटर) लावून गेट बनवलं, चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावली. गेट दोनदा उघडते अन् मग थरथरते. बॅटरी नकली आहे का?
– नववीचा विद्यार्थी, मूल तालुका

उत्तर : असली असती तरी हेच झालं असतं बाळा. ती बॅटरी रिमोट, मीटर अशा कामाची, सर्व्हो अडकला की अर्ध्या अँपिअरच्या वर मागतो. सर्व्होला चार पेन्सिल सेल वेगळे दे, ६ व्होल्ट होतात, आणि सेलचा मायनस बोर्डाच्या ग्राउंडला जोडायचं विसरू नको, नाही तर सर्व्हो नुसता नाचेल. बोर्ड मोबाईलच्या पॉवर बँकेवर चालव, पण घरी अर्धा तास चालवून बघ, नुसता बोर्ड ५० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, म्हणून काही पॉवर बँका फोन चार्ज झाला समजून आपणच बंद होतात.