पोलर बेअरच्या कॅम्पला पाठवावं की कोडिंगच्या क्लासला?

नमस्कार ताई,

कॅनडातल्या विनिपेगहून आलेला तुमचा मेल वाचला. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते, मुलगी ग्रेड ११ला आहे, तिथल्या झूमध्ये व्हॉलंटियर म्हणून जाते, आणि आता ऑक्टोबरमध्ये झूतर्फे त्याच मॅनिटोबा प्रांताच्या उत्तर टोकाला, चर्चिल गावी टीनएजर मुलांचा पोलर बेअर लीडरशिप कॅम्प आहे त्यात तिचं नाव येईल असं दिसतंय. आठवडाभर शाळा बुडणार. बाबांचं म्हणणं, अस्वलं बघून कुणाचं पोट भरलंय, त्यापेक्षा कोडिंग शिक. आणि तुम्ही दोघांच्या मध्ये!

माझं उत्तर, पाठवा. फक्त सीव्हीवर एक ओळ वाढेल म्हणून पाठवणार असाल तर राहू दे. लीडरशिप हा शब्द हल्ली कशालाही चिकटवतात, दोन दिवस दोरीला लोंबकळून आलं की झाला लीडर, आणि नुसतं सर्टिफिकेट बघून कुठलीही युनिव्हर्सिटी भाळत नाही. चर्चिलची गोष्ट जरा वेगळी आहे, ती का ते सांगते.

गावाला रस्ताच जात नाही, विनिपेगवरून ट्रेनने जवळजवळ दोन दिवस लागतात नाहीतर मग विमान. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये समोरचा हडसन बे हा समुद्र गोठायची वाट बघत अस्वलं किनाऱ्यावर जमतात. त्यांना सील पकडायला बर्फच लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात बर्फ गेला की जवळपास उपासच, अंगातल्या चरबीवर दिवस काढायचे. १९८०च्या दशकाच्या मानाने हा उपास आता तीन-चार आठवड्यांनी लांबलाय. वेस्टर्न हडसन बेमधली अस्वलं २०१६च्या मोजणीत अंदाजे ८४२ होती, २०२१मध्ये ६१८. हे तुमच्याच प्रांतात चाललंय, म्हणून मुलीला ते डोक्यात बसलं असेल तर मला नवल वाटत नाही.

आता १६ वर्षांच्या पोरीने तिथे जाऊन करायचं काय? बंदूक घेऊन पहारा देऊन ही अस्वलं वाचणार नाहीत, कारण बर्फ वितळवणारा धूर हजारो किलोमीटर लांबून येतोय. स्टीव्हन अ‍ॅमस्ट्रप म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या टीमने २००७मध्ये अमेरिकन सरकारला सांगितलं की असंच चाललं तर शतकाच्या मध्यापर्यंत जगातली दोन तृतीयांश पोलर बेअर जातील, आणि २०१०मध्ये त्यांनीच दाखवलं की उत्सर्जन कमी केलं तर बर्फ आणि अस्वलं दोन्ही बऱ्यापैकी टिकू शकतात. म्हणजे काम माणसांवर करायचंय. म्हणून पोलर बेअर्स इंटरनॅशनल ह्या संस्थेने झूंमधल्या मुलांसाठी जे असे कॅम्प घेतले त्यात टुंड्रावर, म्हणजे तिथल्या बिनझाडांच्या गोठलेल्या माळरानावर राहायचं, शास्त्रज्ञांकडून समजून घ्यायचं, आणि घरी परतल्यावर आपापल्या गावात कार्बन कमी करायचा एखादा प्रोजेक्ट उभा करायचा अशी पद्धत होती. खरा कॅम्प तो! विनिपेगमध्ये थंडीत शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर पालकांच्या गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात ना, तिथे जाऊन काकाकाकूंना न चिडवता इंजिन बंद करायला लावणं, शिवाय प्रिन्सिपॉलकडून तसा नियम करून घेणं, हे जिला जमलं तिला मी लीडर म्हणेन. (पहिला नंबर बाबांच्या गाडीचा लागणार हे धरून चाला.)

तेव्हा झूच्या कोऑर्डिनेटरला तुम्ही एवढंच विचारा की परत आल्यावर प्रोजेक्ट आहे का, मेंटॉर कोण, किती महिने, आणि खर्चातला किती वाटा झू उचलतं. प्रोजेक्ट नसेल तर ती सहल आहे, सहलीचंच बजेट ठेवा, त्यासाठी कर्जबिर्ज काढू नका.

आता बाबांसाठी. पोलर बेअर कुठे फिरतात ते कळायला त्यांच्या गळ्यात जो सॅटेलाइट कॉलर घालतात तो फक्त मोठ्या माद्यांनाच घालता येतो, कारण नराची मान डोक्याइतकीच जाड असते, कॉलर सरळ निसटून पडतो. मग नरांचं काय, अर्धवट माहितीवरून अंदाज कसा बांधायचा, विमानातून मोजताना न दिसलेली अस्वलं कशी धरायची, हे सगळं स्टॅटिस्टिक्स आणि प्रोग्रामिंग आहे हो. त्यामुळे कोडिंगचा क्लास रद्द करू नका, दोन्ही करू दे. पुढे बायोलॉजी किंवा एन्व्हायर्न्मेंटल सायन्स घरून युनिव्हर्सिटी ऑफ मॅनिटोबात होईल, पोलर बेअरवरच रिसर्च करायचा तर एडमंटनची युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टा, तिथे हे काम वर्षानुवर्षं चालू आहे. चर्चिल नॉर्दर्न स्टडीज सेंटरमध्ये राहण्याजेवणाच्या बदल्यात व्हॉलंटियर घेतात, कॉलेजच्या सुट्टीत ते बघा. पण निव्वळ पोलर बेअर संशोधकाच्या नोकऱ्या बोटावर मोजण्याइतक्या, हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा. आजूबाजूला मात्र बरंच काही आहे: वापुस्क नॅशनल पार्क, प्रांताचे कॉन्झर्वेशन ऑफिसर, झूचं एज्युकेशन खातं, क्लायमेट पॉलिसी.

आणखी एक, गावातल्या लोकांशी बोलायची संधी मिळाली तर तिने ती सोडू नये. तिथे हॅलोविनला पोरं चॉकलेटं मागत फिरतात तेव्हा अस्वल येऊ नये म्हणून गावाभोवती गस्त असते, गाडीचे दरवाजे लॉक न करायची पद्धत आहे, अस्वल आलंच तर कुणालाही पटकन आत शिरता यावं. शेजारच्या नुनावुत प्रदेशात इन्युइट ह्या तिथल्या मूळ रहिवाशांना कोटा ठरवून शिकारीचा कायदेशीर हक्क आहे, तेही कानावर येईल. शिकार म्हटलं की आपल्या घरात लगेच तोंडं वाकडी होतात, पण ती माणसं अस्वलांसोबत पिढ्यान् पिढ्या राहतायत, त्यांचं आधी ऐकून घ्यायचं.

इथले पालक लगेच विचारतील म्हणून सांगते, महाराष्ट्रातून मुलांना लाखो रुपये भरून आर्क्टिकला पाठवायची अजिबात गरज नाही. गोव्यात वास्कोला एनसीपीओआर ही ध्रुवीय प्रदेश आणि समुद्रावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं आपलं हिमाद्री स्टेशन २००८पासून तीच चालवते. तिथे मुख्य काम हिमनद्या, हवा आणि समुद्राचं आहे, त्यामुळे रस्ता एमएस्सी-पीएचडीचा.

ताई, बुडणाऱ्या आठवड्यात टेस्ट असतील तर त्यांचं काय ते आत्ताच शाळेला मेल करून विचारा, कॅम्पचं पत्र सोबत जोडा, तारीख बदलून मिळते का बघा. आणि निवड नाही झाली तर पुढच्या वर्षी परत फॉर्म भरायचा. गेटवरच्या गाड्यांचं काम मात्र ह्याच हिवाळ्यात सुरू करता येईल, त्याला कुणाच्या निवडीची गरज नाही.