बिग बेअरच्या लाइव्ह कॅमवर गरुडाची मादी अंड्यांवरून उठतच नाही का?

उठते की! कॅलिफोर्नियातल्या बिग बेअरच्या या घरट्यात मादी जॅकी आणि नर शॅडो दोघंही आलटून पालटून अंडी उबवतात, रात्री मात्र बहुतेक जॅकीच बसते, दोघांत जी मोठी दिसते ती जॅकी. ड्युटी बदलताना पाय नक्की बघा, नख्या मुठीसारख्या आत वळवून चालतात, अंड्याला टोक लागू नये म्हणून, मग चोचीने अंडी हळूच फिरवतात आणि अंग डोलवत बसतात, पोटावरची उघडी कातडी नीट टेकावी म्हणून. फार जपतात हो!

2024 च्या फेब्रुवारीत बर्फाच्या वादळात जॅकी सलग 60 तासांच्या वर बसून होती, पाठीवर बर्फ साचलेला, तरी त्या वर्षी तिन्ही अंड्यांतून पिल्लं बाहेर आलीच नाहीत, खूप वाईट वाटलं. 2025 मध्ये मात्र तीन पिल्लं झाली, एक वादळात गेलं, सनी आणि गिझमो उडायला शिकली.

जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडे रात्री साडेआठच्या सुमारास तिकडे उजाडतं, तेव्हा लावा, अदलाबदल दिसण्याचा चान्स जास्त असतो.