जुनी डॅटसन २४०झेड गुंतवणूक म्हणून घ्यावी का? देखभाल किती अवघड असते?

प्रश्नकर्त्यांनी खाली तपशील दिलाय: ते कॅलिफोर्नियात बे एरियात राहतात, १९७२ची एक २४०झेड (निसानने डॅटसन नावाने विकलेली स्पोर्ट्स कार) बघून ठेवलीय, "घेऊन कव्हर घालून ठेवायची, दहा वर्षांनी बघू" असा विचार आहे, आणि वर्षाला खर्च किती येतो ते हवंय.

ते 'कव्हर घालून ठेवायची' वाचलं आणि रात्री साडेअकराला लिहायला बसलो.

माझ्याकडे १९७२चीच २४०झेड आहे, १४ वर्षांपासून. आमच्या साडूंकडे १९७१ची आहे. आम्ही दोघांनी दोन महिन्यांच्या अंतराने घेतल्या. माझी तेव्हापासून ६१ हजार मैल चाललीय, त्यांची ४०० मैलसुद्धा नाही. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हा विषय निघतो आणि बायको नि मेहुणी उठून आत जातात. त्यामुळे माझं उत्तर तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

गुंतवणूक म्हणून घेऊ नका. भाव वाढतील की पडतील, यावर मी बोलतच नाहीये. उभी ठेवलेली गाडी जशीच्या तशी राहते, हेच मुळात खोटं आहे. ती आतून कुजते, आणि कुठून कुजली ते कळायला तुम्हाला एक उन्हाळा आणि बरेच पैसे लागतात. मला लागले.

माझी गाडी ज्यांच्याकडून घेतली त्यांनी ती ९ वर्षं गॅरेजमध्ये ठेवली होती, तुमच्याच हिशोबाने. विकायच्या वेळी नवी बॅटरी, नवे प्लग, ताजं पेट्रोल, पॉलिश. मी लोहचुंबक घेऊन गेलो होतो. बॅटरीखालचा पत्रा, दाराच्या मागचा, चाकापुढचा तो कोपरा, पायाखालचा फ्लोअर, इंजिनाखालच्या चेसिस रेल, डिकीच्या रबराखालची कड, सगळीकडे चुंबक चिकटला. या गाडीत गंज बसतो तो याच जागी, आणि पुट्टी भरून वर रंग मारला असेल तर चुंबक लगेच चुगली करतो. पत्रा खणखणीत निघाला. मी खूश. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारायचं मात्र डोक्यात आलं नाही.

शहरात गाडी झकास चालायची. जुलैमध्ये बायकोच्या मैत्रिणीची फ्रेस्नोला वास्तुशांत होती. गिलरॉयवरून १५२ नंबरच्या हायवेने निघालो. पाचेको पासच्या चढाला लागलो, चौथा गिअर, अर्ध्याहून जास्त ॲक्सिलरेटर, आणि निम्म्या चढावर गाडीने दम सोडला. आधी आचके, मग पाय दाबला तरी काही नाही, मग बंद. मागून ट्रक. कशीबशी कडेला घेतली. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन, बायकोच्या मांडीवर आहेराची पिशवी. दहा मिनिटांनी स्टार्टर मारला तर पहिल्या सेल्फला चालू! चार मैल गेलो, पुन्हा तेच. फ्रेस्नोला पोहोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. रात्री साडूंचा फोन: "अहो, सांगितलं नव्हतं का, ही गाडी अशी लांब न्यायची नसते."

ते वाक्य मला फार लागलं.

जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्या एका गॅरेजला दाखवली. त्यांनी गाडी न चालवताच सांगितलं, कार्बोरेटर. दोन्ही खोलले, नवं किट घातलं, ९०० डॉलर घेतले, आणि जाताना "हे काढून तीन वेबर कार्बोरेटर लावा, कटकट संपेल" असा सल्लाही दिला. गाडी घरी आणून बघतो तर फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या कप्प्याच्या) स्क्रूंची डोकी गोल झालेली. जपानी स्क्रूची खाच वरवर फुलीच्या स्क्रूसारखी दिसते, पण ती जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाची असते. त्यात साधा फिलिप्स घातला की तो निसटतो आणि खाच खातो. जेआयएसचा स्क्रू ड्रायव्हर फार महाग नसतो. तो ज्या गॅरेजकडे नाही त्यांना या गाडीला हात लावू देऊ नका. हे मी अगदी ठामपणे सांगतो.

पुढच्या शनिवारी एकटाच त्या चढावर गेलो. त्याच जागी बंद पडली.

आता कार्बोरेटरबद्दल. २४०झेडला हिताचीचे दोन कार्बोरेटर असतात, ते मूळच्या इंग्लिश एसयू कार्बोरेटरच्या घडणीचे. आमच्या कोल्हापूरच्या घरी वडिलांची ॲम्बॅसडर होती, तिला एसयूच होता. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी मला शाळेत असताना शिकवलं होतं: इंजिन गरम करायचं, आयडलवर ठेवायचं आणि कार्बोरेटरमधला पिस्टन केसभर उचलायचा. आवाज चढून चढलेलाच राहिला तर मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन मरायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), किंचित चढून लगेच जागेवर आलं तर बरोबर. डॅशपॉटमध्ये (त्या पिस्टनच्या वरच्या नळीत) तेल आहे का बघायचं, दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का बघायचं. मी हे सगळं केलं. दोन्ही अगदी बरोबर होते. बहुधा गॅरेजात जायच्या आधीही बरोबरच असावेत.

मग राहिलं काय? दहा मिनिटं थांबलं की गाडी आपोआप बरी होते, ही एकच खूण होती. इंजिनाकडे येणारी पेट्रोलची नळी सोडली, टोकाला हातपंप लावला आणि बाटलीत ओढायला लागलो. पहिला लिटर भरभर आला. मग धार बारीक झाली, मग नुसते बुडबुडे. दहा मिनिटं थांबलो, पुन्हा ओढलं, पुन्हा भरभर! मग टाकीचं झाकण उघडून त्याच नळीतून सायकलच्या पंपाने उलटी हवा मारली. टाकीत गुडगुड आवाज झाला आणि त्यानंतर पेट्रोल कितीतरी वेळ नीट येत राहिलं. म्हणजे टाकीच्या आत, नळीच्या तोंडाशी काहीतरी येऊन बसत होतं. इंजिन जोरात ओढतंय तोवर ते तिथे चिकटून राहायचं, इंजिन थांबलं की खाली पडायचं. शहरात ओढच कमी, म्हणून तिथे काही कळत नव्हतं.

टाकी उतरवली. आतून चहाच्या पावडरीसारखा गंज निघाला, वाटीभर. टाकीचा खालचा भाग बरा होता, वरचा सगळा खाल्लेला. कारण सरळ आहे. ९ वर्षं टाकी अर्धी रिकामी. वरच्या रिकाम्या भागात हवा, हवेत दमटपणा, दिवसा गरम, रात्री गार, पत्र्यावर रोज थोडं दव. त्यात इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी धरून ठेवतं. ज्या माणसाने गाडी 'जपली' त्यानेच ती टाकी खाल्ली.

सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात टाकी दोन दिवस भिजवली, खाण्याच्या सोड्याने धुतली, पूर्ण सुकवली, सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या आणून बदलल्या. सामानाला २०० डॉलरसुद्धा लागले नाहीत. नंतरच्या रविवारी पाचेको पास एका दमात चढलो. वरून सॅन लुईस जलाशय दिसला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तिथूनच साडूंना फोन लावला. ते म्हणाले, "टाकी साफ केली ते उत्तम. आता तरी नीट ठेवून द्या."

काय बोलणार? ही गाडी काय म्हणून बनवली होती, हेच ते विसरतात. निसानच्या अमेरिकेतल्या धंद्याचे प्रमुख युताका कातायामा यांना सामान्य पगारदाराला परवडेल, रोज चालवता येईल अशी स्पोर्ट्स कार हवी होती. जपानात तिचं नाव फेअरलेडी झेड. कातायामांनी ते नाव इकडे येऊ दिलं नाही, २४०झेड म्हणून विकली. किंमत ३,५२६ डॉलर. एका ओळीत सहा सिलिंडर, २.४ लिटर, वजन हजार किलोपेक्षा थोडंसं जास्त. आणि शेखर मेहता! युगांडात जन्मलेला, केनियाकडून चालवणारा आपल्या वंशाचा माणूस. १९७३ची सफारी रॅली त्याने याच २४०झेडने जिंकली. पूर्व आफ्रिकेचा चिखल, धूळ, दगड, हजारो किलोमीटर. त्याआधी १९७१लाही तिथे हीच गाडी पहिली आली होती. त्या गाडीला सॅन होजेचं दव सोसवणार नाही?

साडू म्हणतात, मी महिन्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू करतो. ते न केलेलं बरं. पाच मिनिटांत तेल नीट तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये तसंच राहतं. चालू करायची तर अर्धा तास रस्त्यावर न्या. गेल्या दिवाळीत मी त्यांच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला. जुन्या वॉर्निशचा वास येत होता. मी तसं सांगितलं, ते रागावले.

देखभाल अवघड नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट (थंड इंजिनावर इनटेक ०.२० मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.२५), ठिणगीचे सीबी पॉइंट, प्लग, तेल, दोन कार्बोरेटर जुळवणं. १०, १२ आणि १४चे पाने असले की निम्मी गाडी खोलता येते. बहुतेक यांत्रिक भाग अजून मिळतात. आतलं सामान, विशेषतः न तडकलेला डॅशबोर्ड, मिळणं कठीण. १९७३ची बघणार असाल तर त्या वर्षीचे सपाट डोक्याचे कार्बोरेटर डोकेदुखीचे आहेत. पुष्कळ मालकांनी ते काढून आधीच्या वर्षांचे गोल डोक्याचे बसवलेत. मला वर्षाला सरासरी हजार-बाराशे डॉलर लागतात, पण मी काम स्वतः करतो आणि माझा पत्रा चांगला निघाला. पत्रा कुजलेला असेल तर कापून वेल्डिंग करण्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. म्हणून इंजिन वाईट आणि पत्रा चांगला अशी गाडी घ्या, उलटी घेऊ नका. कॅलिफोर्नियात १९७५पर्यंतच्या गाड्यांना स्मॉगची (धुराची) तपासणी लागत नाही, तेवढी एक कटकट कमी.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. गाडीत जागा दोनच आहेत, मुलं लहान असतील तर ही घरातली एकमेव गाडी होऊ शकत नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, पावसात मी अंतर दुप्पट ठेवतो. जुन्या गाड्यांचा ठरलेल्या किमतीचा विमा घेतलात तर रोज ऑफिसला नेण्यावर त्यात बहुतेक वेळा बंदी असते. मी म्हणून आठवड्यातून दोन-तीनदाच काढतो, पण काढतो. आणि टाकीचं काम बंद गॅरेजमध्ये कधीही करू नका. इकडे गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असतो, त्याची ज्योत आणि पेट्रोलची वाफ एकत्र आली की संपलं. माझी टाकी मी अंगणात उतरवली होती.

तुम्ही बघून ठेवलेली गाडी किती वर्षं उभी आहे, ते मालकाला विचारा. टॉर्च न्या, झाकण उघडा, वास घ्या, आत बघा. मग मालकाला शेजारी बसवून एखाद्या लांब चढावर वीस मिनिटं चालवा, शहरात फिरवून समाधान मानू नका. टाकीत काय दिसलं ते इथे लिहिलंत तर पुढचं सांगतो.