मूल भेटीला येतं तेव्हा खोलीत बसणाऱ्याने काय करायचं?

(कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून काम करून निवृत्त झालेल्या ताई या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, माझं एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) झालंय. आमच्या संस्थेने मला दर शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत ॲक्सेसच्या वेळी, म्हणजे मूल ज्यांच्याकडे राहत नाही ते आई किंवा वडील कोर्टाच्या आदेशाने त्याला भेटतात तेव्हा, बसायला सांगितलंय. प्रशिक्षण म्हणाल तर ‘लक्ष ठेव आणि रिपोर्ट लिही’ एवढंच. गेल्या शनिवारी साडेचार वर्षांचा मुलगा आला आणि आईची ओढणी सोडेना, नुसता रडत होता. वडील म्हणाले, ‘लिहा मॅडम, ही शिकवून आणते.’ आई म्हणाली, ‘लिहा, हा मारायचा म्हणून पोरगं घाबरतंय.’ मी काय लिहायला हवं होतं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोघांचंही म्हणणं लिहायचं, पण ते त्यांचं म्हणणं आहे अशाच पद्धतीने. आणि त्याआधी, तुम्ही स्वतः जे पाहिलं ते. ‘मूल वडिलांना घाबरतं’ हे वाक्य तुमच्या वहीत येता कामा नये, कारण तो निष्कर्ष आहे. तो काढायला न्यायाधीश आहेत आणि त्यांच्यासमोर बाकीचा पुरावाही आहे. तुम्ही असं लिहा : ‘4.05 ला मूल आईबरोबर आलं. दोन्ही हातांनी ओढणी धरली होती. वडील दारापासून चार-पाच फुटांवर उभे होते. “ये बाळा” असं दोनदा म्हणाले, ओढलं नाही. आई 4.12 ला बाहेर गेली. मूल 4.20 पर्यंत रडलं, मग ठोकळ्यांकडे गेलं. 4.30 ला वडिलांच्या हातून पाणी घेतलं.’ असं लिहिलं की कुणाही वकिलाने उद्या काहीही अर्थ लावला तरी तुमचा कागद बदलत नाही.

या वयाचं मूल बालवाडीच्या दारातही असंच रडतं. आई गेल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत काय होतं तिकडे बघा. रडणं कमी होतं का, मूल खेळायला लागतं का, की कोपऱ्यात आखडून बसून राहतं, कपड्यात शू करतं, कुणी हात लावला की दचकतं? हे सगळं टिपा. आईलाही सांगा की चोरून निघून जायचं नाही. ‘मी बाहेर बाकावर बसते, घड्याळात पाच वाजले की येते’ असं मुलाला सांगून जायचं आणि ठरल्या वेळी यायचंच.

आता प्रशिक्षणाचं. कौटुंबिक न्यायालय कायदा 1984 चा. त्यात समुपदेशकांची तरतूद आहे, आणि समाजकल्याणाचं काम करणाऱ्या संस्थांना न्यायालयाशी जोडून घ्यायचीही. तुमची संस्था त्या वाटेने आत आली असेल, तर तुम्हाला तयार करणं ही तिची जबाबदारी आहे. तुम्ही तीन गोष्टी मागून घ्या.

पहिली, भेटीआधी आदेश वाचायला मिळायला हवा. वेळ किती, कोण येणार, फोटो आणि व्हिडिओ कॉलला परवानगी आहे का, मुलाला खोलीबाहेर नेता येईल का. आदेशात फक्त वडिलांचं नाव असेल आणि दारात आजी डबा घेऊन उभी असेल, तर मन घट्ट करून नम्रपणे थांबवावं लागतं. (आजीचं वाईट वाटतं. तिला पुढच्या तारखेला वकिलामार्फत अर्ज करायला सांगा, तो मार्ग खुला आहे.)

दुसरी, देखरेख कशासाठी लावली आहे हे कळायला हवं. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. वडील दोन वर्षं परदेशात होते आणि मूल त्यांना ओळखत नाही, तर तुमचं काम ओळख करून देण्याचं आहे. दारूचं व्यसन असेल तर दारातच बघायचं. तोंडाला वास येत असेल तर भेट सुरू करू नका, समुपदेशकांना बोलवा, आणि ‘प्यायलेले होते’ असं न लिहिता ‘तोंडाला दारूचा वास येत होता, चालताना तोल जात होता’ असं लिहा. मूल पळवून नेण्याची भीती असेल तर दार तुमच्या पाठीशी हवं. आणि घरात मारहाण झाली असेल, तर आईवडील एकमेकांसमोर येणारच नाहीत अशी व्यवस्था लागते. भेटायला येणाऱ्याने पंधरा मिनिटं आधी येऊन खोलीत बसायचं, आई आणि मूल नंतर येणार. संपल्यावर आई आणि मूल आधी निघणार, ते रिक्षात बसून गेले की मगच दुसऱ्याने उठायचं. ज्या देशांत अशी भेट-केंद्रं रुळली आहेत तिथे दोन वेगळी दारं असतात. आपल्या इमारतींत बहुतेक ठिकाणी एकच जिना असतो, म्हणून हा वेळेचा फरक काटेकोर पाळावा लागतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 मध्ये, भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असं वाटलं तर दंडाधिकाऱ्यांनी ती नाकारावी असंच म्हटलं आहे. तेव्हा काही बिघडताना दिसलं तर भेट मध्येच थांबवायला कचरू नका.

तिसरी गोष्ट तुमच्या सोलापुरासाठी फार महत्त्वाची. खोलीत बसणाऱ्याला त्या घरातली भाषा कळली पाहिजे. वडील मुलाशी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलत असतील आणि तुम्हाला फक्त मराठी-हिंदी येत असेल, तर तुम्ही नुसते हातवारे बघत बसाल. ‘आईला सांग, केस मागे घे’ हे वाक्य तुमच्यासमोर बोललं जाईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. भाषा जाणणारी सहकारी मागा. नियम सगळ्यांना सारखा : मुलाच्या कानात कुजबुज नाही, निरोप नाही, ‘कुणाकडे राहायचं तुला?’ हा प्रश्न नाही. तुम्हीसुद्धा तो विचारायचा नाही.

एक गोष्ट पत्रात नाही, पण सांगायलाच हवी. एखादं मूल खेळता खेळता तुम्हाला काही सांगेल, कुणी कुठे हात लावतं असं काही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. खोदून विचारू नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. ते शिकवलेलं आहे की खरं, हे ठरवायचा अधिकार तुमचा नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. समुपदेशकांना त्याच दिवशी सांगा, पण त्यांना सांगितलं म्हणजे कळवणं झालं असं समजू नका. 1098 ही मुलांची हेल्पलाइन पाठ असू द्या.

प्रश्न : मला मुलीला महिन्यातून दोनदा भेटता येतं, तेही समोर कुणीतरी वही घेऊन बसलेलं असताना. मी गुन्हेगार आहे का? अपमान वाटतो. जाणं बंद करावं असं वाटतं.
— एक वडील, नाशिक

उत्तर : जाणं बंद करू नका, भाऊ. अपमान वाटतो हे मी समजू शकते. पण तुमच्या मुलीला वही दिसत नाही, तिला बाबा आले की नाही एवढंच दिसतं. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये एका ताब्याच्या प्रकरणात म्हटलं की आई आणि वडील दोघांचंही प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे, आणि ताबा ज्याच्याकडे नाही त्याला व्हिडिओ कॉलने तरी बोलता यावं. तशी मागणी तुम्हीही वकिलांमार्फत करू शकता.

त्या वहीत तुम्ही वेळेवर आलात, मुलीची वेणी घातलीत, तिच्यासोबत चित्र रंगवलंत हेही लिहिलं जातं. उद्या देखरेख काढून टाकण्याचा अर्ज कराल तेव्हा तोच कागद तुमच्या उपयोगी पडेल. दर वेळी महागडं खेळणं नेऊ नका. एकच चित्रकलेची वही न्या आणि तीच पुढे चालू ठेवा. आईबद्दल एकही प्रश्न विचारू नका. ‘शाळेत डब्यात काय होतं?’ हाही प्रश्न मूल चौकशी समजतं, जपून.

प्रश्न : आमच्या संस्थेत काही निवृत्त शिक्षिका हे काम करायला तयार आहेत. दोन दिवसांचं शिबिर घेऊन त्यांना पाठवलं तर चालेल का?
— एका सामाजिक संस्थेच्या कार्यवाह, अमरावती

उत्तर : नाही चालणार. शिबिर घ्याच, पण ती सुरुवात झाली. शिक्षिकांना मुलांची जाण असते, ही मोठी जमेची बाजू. अडचण अशी की त्यांना समजूत काढायची सवय असते. ‘अगं, नवरा-बायकोत चालायचंच’ असं एक वाक्य मार खाल्लेल्या आईला ऐकवलं, तर ती पुन्हा तुमच्याशी खरं बोलणार नाही. म्हणून शिबिरात कायद्याइतकाच वेळ कौटुंबिक हिंसेला द्या. पोलीस, वकील, बालमानसतज्ज्ञ यांना बोलवा. दोघींनी आईवडील व्हायचं, तिसरीने खोलीत बसायचं आणि बाकीच्यांनी नोंदी लिहायच्या, असा सराव घ्या. मग सगळ्यांच्या नोंदी मोठ्याने वाचा. एकाच प्रसंगाच्या पाच तऱ्हा निघतात, आणि स्वतःचा कल कुठे झुकतो ते आपोआप कळतं.

त्यानंतर प्रत्येकीने निदान चार-पाच भेटी अनुभवी समुपदेशकाशेजारी बसून पाहाव्यात. एकटीला कधीच पाठवू नका. पक्षकारांना शिक्षिकांचे फोन नंबर देऊ नका, व्हॉट्सॲपवर जोडू देऊ नका, संपर्क संस्थेच्या फोनवरच. कुणी कोर्टाबाहेर अडवून धमकावलं, तर तक्रार संस्थेने करायची, त्या बाईने एकटीने नाही.

आणि भेट संपली की लगेच घरी धाडू नका. अर्धा तास बसवा, चहा द्या, काय झालं ते बोलू द्या. आईला बिलगून ‘मला नको ना पाठवू’ म्हणणारं मूल रात्री डोळ्यांसमोरून हलत नाही. महिन्यातून एकदा बाहेरच्या जाणकार व्यक्तीसोबत बैठक ठेवा. कुणाला फारच जड जात असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्या आणि महिनाभर सुट्टीही द्या. येण्याजाण्याचा खर्च मात्र पहिल्या दिवसापासून द्या. स्वतःच्या पेन्शनमधून रिक्षाचे पैसे भरणाऱ्या बाईकडून वर्षभर दर शनिवारी येण्याची अपेक्षा धरणं बरोबर नाही, आणि मध्येच माणूस बदलला तर मुलाला पुन्हा नव्या चेहऱ्याशी जुळवून घ्यावं लागतं.