सर्व्हर घेण्याआधी ड्रॉइंग कोणाच्या ताब्यात ते ठरवा

तुमचा प्रश्न मी असा समजलो: फोंड्याला ऑफिस, माणसं बारा, बांधकामाच्या तीन साइट चालू. कॉम्प्युटर अधूनमधून रुसतात, ड्रॉइंग वेळेवर सापडत नाहीत, म्हणून पगारी आयटीवाला ठेवावा की सर्व्हर घ्यावा?

निदान आत्ता दोन्ही नको. डिचोलीकडच्या एका छोट्या बिल्डरकडे माझी सतरा वर्षं गेली. काम हिशेबाचं, पण वाय-फाय बंद पडलं तरी हाक मलाच. तुमचे आजार दोन आहेत आणि औषध एकच शोधताय. मशीन बिघडणं हा सोपा आजार. चालू ड्रॉइंग कुठलं हे कोणालाच ठाऊक नसणं हा दुसरा, आणि पैसा जातो तो त्यात.

आमच्याकडे एका बंगल्याचं काम होतं. आर्किटेक्टनं जिना दुसऱ्या बाजूला नेला, सुधारित ड्रॉइंग इंजिनिअरच्या व्हॉट्सॲपवर आलं. तो त्या दिवशी लग्नाला. मेस्त्रीकडे जुनी प्रिंट, चिखलानं माखलेली. दोन फुटिंग, म्हणजे खांबांचे पाये, जुन्या जागी भरून मोकळे! फोडायचा खर्च मालकानं गुपचूप सोसला, कारण मेस्त्रीच्या हातात दुसरं काही दिलंच नव्हतं.

तेव्हापासून ड्रॉइंग एकाच व्यक्तीच्या ताब्यात. आमच्याकडे बिलं करणाऱ्या ताई ते बघतात. इंजिनिअरपेक्षा त्या बऱ्या, ऑफिसात जागेवर असतात. प्रत्येक साइटला ‘चालू’ आणि ‘जुनं’ असे दोन फोल्डर. ‘चालू’मध्ये फाइल टाकायचा हक्क फक्त त्यांना, बाकीच्यांनी नुसतं बघायचं. नावात साइट, ड्रॉइंग क्रमांक, रिव्हिजन आणि तारीख. ‘फायनल’ शब्दाला बंदी. (पूर्वी एकाच फोल्डरात ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘हेच फायनल’ अशी तिघं भावंडं सुखानं नांदत होती.) आणि सगळ्यात महत्त्वाचं: जुनी प्रिंट परत घेतल्याशिवाय नवी द्यायची नाही. फाटकी असली तरी परत हवी. पहिला महिनाभर सुपरवायझर कुरकुरतील, कुरकुरू द्या.

व्हॉट्सॲप बंद होणार नाही, ते सोडा. पण ड्रॉइंगचा फोटो नको, मापं पुसट होतात; पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ड्रॉइंग उघडायचं सॉफ्टवेअर, म्हणजे ऑटोकॅड, जुनं असेल तर आर्किटेक्टला २०१० किंवा २०१३ च्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून द्यायला सांगा. २०१८ च्या फॉरमॅटमधली फाइल त्याआधीच्या ऑटोकॅडमध्ये उघडत नाही. ड्रॉइंग बिघडलं तर रडण्याआधी त्याच फोल्डरात नावाच्या शेवटी ‘.bak’ अशी शेपटी असलेली फाइल बघा. शेपटी बदलून ‘.dwg’ केली की बहुधा आधीची प्रत उघडते.

गूगल ड्राइव्हवर सगळं आहे म्हणजे बॅकअप आहे, असं धरू नका. कोणी इथे फाइल पुसली की तिथलीही जाते, व्हायरसनं फाइल कुलूपबंद केली तरी तेच. दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्या आणि डिस्क काढून मालकाच्या घरी ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क कॉम्प्युटरबरोबरच मरते. किती वर्षं ठेवायचं? रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर आहे, जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. आम्ही ड्रॉइंग टाकून देतच नाही, जागा किती लागते?

मशीनसाठी जवळच्या माणसाशी वर्षाचा करार करा; किती तासांत येणार ते लिहून घ्या. मे महिन्यात एकदा सगळे यूपीएस तपासून घ्यायला लावा. पावसाआधीच्या गडगडाटात लाइट जाते-येते आणि आकाशातली वीज इंटरनेटच्या तांब्याच्या तारेतूनही आत शिरते. आमचा एक राउटर तसाच गेला, प्लग काढलेला असूनही. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचा सपोर्ट नाही; कुठल्या मशीनवर ते आहे त्याची यादीही त्यालाच करायला सांगा.

एक राहिलं. आर्किटेक्टचे मेल कोणाच्या पत्त्यावर येतात? आमच्या ज्युनिअरच्या खाजगी जीमेलवर यायचे. तो पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला आणि दीड वर्षाचे मेल त्याच्याबरोबर. फोन केला की बिचारा रात्री शिफ्टवरून परतल्यावर शोधून पाठवायचा.