चाळीस एकर स्वस्तात, पण पाण्याचा कागद?

प्रश्न: मुलगी-जावई अमेरिकेत, ओरेगॉनमध्ये असतात. यंदा त्यांच्याबरोबर बर्न्स गावाकडे जाऊन आलो. आमच्या माणदेशासारखा उजाड माळ, तुरळक गाई आणि मध्येच हिरवीगार गोल शेतं. तिकडे चाळीस एकर स्वस्तात मिळतेय म्हणून जावई घ्यायचं म्हणतात. बोअर पाडून बागायत होईल का?
– एक वाचक, दहिवडी

उत्तर: नाही होणार. स्वस्त आहे ती त्यामुळेच.

रान आपलं तर विहिरीचं पाणीही आपलं, असं आपण धरून चालतो. ओरेगॉनात जमिनीखालचं पाणीसुद्धा जनतेचं. १९५५च्या कायद्यापासून बोअरवर शेती भिजवायची तर सरकारी परवाना लागतो आणि त्यावरची तारीख महत्त्वाची. जुन्या तारखेवाल्याचं भरणं आधी. टंचाईत नव्याचं पाणी सरळ बंद. धुळ्या-नाशकाकडच्या फड पद्धतीसारखी तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची, हा प्रकार तिथे नाही.

बर्न्स ज्या हार्नी खोऱ्यात आहे, तिथून समुद्राकडे जाणारी नदीच नाही. पाऊस-बर्फ धरून वर्षाचं पाणी २५-३० सेंटिमीटर. जुने पशुपालक वसंतात बर्फ वितळलं की सिल्व्हीज नदीचं पाणी कुरणांत पसरू देतात, नंतर गवत कापून हिवाळ्याची वैरण करतात. उन्हाळ्यात गाई सरकारी माळावर, परवाना काढून. पाणी असं मोकळं सोडणं उधळपट्टी वाटेल, पण त्याच भिजलेल्या कुरणांत स्थलांतर करणारे हंस आणि क्रौंच उतरतात. मला ती पद्धत आवडते.

तुम्ही पाहिलेली गोल शेतं ही अलीकडची, बोअरवरची. चाकांवरचा सुमारे चारशे मीटर लांब पाइप बोअरभोवती फिरतो, सव्वाशे एकर लसूणघास भिजवतो. चौकोनाचे चार कोपरे कोरडेच राहतात. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा जास्त झाला, घरगुती विहिरी आटल्या. सिंचनाचे नवे परवाने गेल्या दशकातच थांबले.

परवान्याशिवाय घरापुरतं, जनावरांपुरतं आणि अर्ध्या एकराच्या परसबागेपुरतं पाणी घेता येतं. त्या बागेतला माल विकता येतो का, हे मात्र आधी विचारून घ्या. तेव्हा जावयांना सांगा, इसार देण्याआधी त्या जमिनीला पाण्याचा हक्क जोडलेला आहे का, तारीख कोणती, हे पाहा. सलग पाच वर्षं न वापरलेला हक्क रद्द होऊ शकतो, तेही तपासा. आणि कुंपणाचा खर्च धरा. त्या मुलखात बहुतेक ठिकाणी गुरं मोकळी चरतात. शेजाऱ्याच्या गाई आत नको असतील तर कुंपण आपणच घालायचं.