उष्णतारोधक थर असलेल्या भिंतीतून बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन कसा काढावा?

वरच्या मजल्यावरची पश्चिमेची भिंत तापते म्हणून आपण तिला आतून ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) भरून सिमेंट बोर्ड लावला आहे, आणि आता त्यातूनच फॅन काढल्यास तो थर खराब होईल का, असे आपण विचारले आहे. भोक पाडल्याने तो खराब होणार नाही. भोकाच्या कडा उघड्या राहिल्या, तर मात्र नक्की होईल.

कोथरूडच्या आमच्या घरी हीच चूक झाली होती. मिस्त्रीने भिंत फोडून फॅन थेट बोर्डाला आवळला आणि मधली पोकळी तशीच सोडली. दोन वर्षांनी बोर्डावर काळपट डाग दिसले म्हणून फॅन उतरवला, तेव्हा आतले ग्लासवूल ओल्या फडक्यासारखे खाली बसले होते. आंघोळीची वाफ त्या पोकळीत शिरते आणि हिवाळ्यात पहाटे गार पडलेल्या विटांवर तिचे पाणी होते. उष्णता अडवते ती तंतूंमध्ये अडकलेली हवा; तिच्या जागी पाणी भरले की तो थर असून नसल्यासारखाच.

म्हणून भिंतीच्या आरपार, फॅनच्या मागच्या तोंडाच्या मापाचा, सलग एकाच तुकड्याचा पीव्हीसी पाइप घालावा. त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा. नऊ इंची भिंतीत ५ मिमी पुरतो. पाइपाभोवतीची विटांकडची फट सिमेंटच्या मालाने आणि ग्लासवूलजवळची पीयू फोमने भरावी, पण फोम फुगून पाइप दाबतो, म्हणून तो थोडा थोडा सोडावा. बोर्ड आणि पाइप यांच्या सांध्यात मात्र सिलिकॉन अखंड फिरवावे, कारण वाफ अडते ती इथेच. पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे बाहेर खाली तोंड असलेले झाकण आणि कबुतरांसाठी जाळी हवीच.

इमारत मायवन पद्धतीची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून भिंती उभारलेली असेल, तर ती भिंत इमारतीचा भार पेलणारी आरसीसीची असू शकते. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी संमतीशिवाय आणि सोसायटीला कळवल्याशिवाय कोअर कटिंग (यंत्राने काँक्रीटमध्ये गोल भोक पाडणे) करू नये. अशा वेळी खिडकीच्या वरच्या काचेच्या जागी फॅन बसवणे बरे.

आपण गॅस गीझरचा उल्लेख केलेला नाही, पण तो बाथरूममध्येच असेल, तर कृपया आधी तो बाहेर मोकळ्या हवेत हलवा. दार बंद असताना फॅन हवा ओढतो, तेव्हा जळलेला वायू धुराड्यातून उलटा आत येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.